मोडक्या छत्रीचा पतंग

हमीदाबाई कुणाच्याही घरी गेल्या की पाणी मागायच्या आधी मोडकी छत्री मागायच्या. तीही ऐन चैत्र-वैशाखात, जेव्हा आमच्या पोंभुर्ण्यात कावळासुद्धा झाडाखालून हलत नाही आणि छत्री कुठल्या फळीवर टाकली आहे हे घरच्यांनाही आठवत नाही. "घरात एखांदी मोडकी छत्री हाय का वो? नवी नोको. नवी मले काय कामाची?" असं म्हणत त्या सरळ ओसरीवर बसकण मारायच्या. नाही म्हटलं तर विश्वास ठेवायच्या नाहीत. "असं कसं? मागच्या साली बाजारात तुमची छत्री उलटी झाल्ती. मी सोता पाह्यली." गावात कुणाची छत्री कधी उलटी झाली हे ध्यानात ठेवणारं दुसरं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

त्यांचे यजमान छत्र्या दुरुस्त करायचे. पावसाळ्यात छत्र्या आणि थंडीत पतंग, असा दोघांचा संसार. यजमान गेले, मुलगा सलीम नोकरीसाठी तेलंगणात कागजनगरला गेला आणि दुकान बंद झालं. दुकानातलं शिलाई मशीन मात्र बाईंनी घरी आणलं. आमचं आणि त्यांचं घर एकाच भिंतीचं. त्यांच्या ओसरीवर बांबूच्या कामट्या, छत्रीच्या तारा, चिंध्यांचं गाठोडं आणि खळीची वाटी कायम पसरलेली असायची. मध्ये डोक्यावरून पदर घेतलेल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेल्या, उंच, वाळक्या हमीदाबाई. तोंडात सुपारी आणि सुपारीच्या जोडीला आख्ख्या गावाचा समाचार.

पतंगाच्या छातीशी दोन दोऱ्यांची एक जोडणी असते. एक दोरा वर बांधलेला, एक खाली, आणि दोघांच्या गाठीला उडवायचा मूळ दोरा. तिला आमच्याकडे कन्नी म्हणतात. कन्नी चुकली की पतंग चुकला. हमीदाबाईंच्या मते माणसाचंही तेच होतं, आणि त्या प्रत्येकाची कन्नी तपासून मोकळ्या व्हायच्या. "तुह्या मामीची कन्नी लय तंग हाय बापा. जरासं वारं आलं का थरथर." कुणा कारकुनाबद्दल म्हणायच्या, "उडन तो, पन गोल गोल फिरन. त्याले बांधनाराच चुकला." मला एकदा तोंडावर म्हणाल्या, "तू ढिल्या कन्नीची हायेस सुनंदा. कोनी बी येते अन् तुले वढून नेते." मी टपाल कचेरीत काम करते. तिथे सगळ्यांची कामं माझ्याच टेबलावर येऊन पडत, त्यामुळे मला राग आला.

त्या पतंग विकत नसत. बाजारातून आणलेले पतंग लोक त्यांच्याकडे घेऊन येत आणि त्या ते "रस्त्यावर आणून" देत. कुणी नायलॉनचा मांजा आणला तर तिथल्या तिथे कात्रीने त्याचे तुकडे करायच्या, आणि त्याच्या आईबापाचं नाव विचारायच्या. नम्रपणा हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. "मूलपासून बल्लारपूरपर्यंत माह्यासारखी कन्नी कोनी बांधत असन तं आना त्याले," असं त्या दर संक्रांतीला बजावायच्या. कुणी आणलं नाही, म्हणून ते सिद्ध झालं असं त्यांनी धरलं होतं. शिवाय मोबाइलचे टॉवर आल्यापासून वाऱ्याची दिशा बिघडली, यावर त्यांची पक्की श्रद्धा होती. मी एकदा समजावायला गेले. "तू चिठ्ठ्या वाट," म्हणाल्या. त्यानंतर मी वारा हा विषय त्यांच्यासमोर काढला नाही.

आता बाबांविषयी सांगायला हवं. बाबांची सगळी नोकरी वनखात्यात, आणि त्यातली बरीचशी आलापल्लीच्या सागवान डेपोत गेली. रचलेल्या ओंडक्यांवर हातोड्याने खात्याचा शिक्का उठवायचा, हे त्यांचं काम. एका घावात स्पष्ट शिक्का, दुसरा घाव घालायचा नाही, असा त्यांचा उजवा हात होता. निवृत्त होऊन ते पोंभुर्ण्याच्या घरी आले. आई तोवर गेलेली होती. घरात आम्ही दोघंच. एका दिवाळीच्या तोंडावर त्यांना लकवा मारला. पाय लवकर सावरले, जीभ थोडी जड राहिली, पण उजवा हात खाटेवर पडला तो पडलाच.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हात वापरा. या काही महिन्यांत जेवढा वळेल तेवढा वळेल. नंतर आखडून बसेल." दाबायला रबरी चेंडू दिला होता. बाबांनी तो एकदा पाहिला आणि भिंतीकडे तोंड केलं. "लाकूड झालं त्याचं. आता डेपोत नेऊन ठेवा," म्हणाले. ते डाव्या हाताने जेवायचे, आणि जेवताना कुणी आलं की ताट खाटेखाली सरकवायचे. मला सगळ्यात जास्त ते ताट टोचायचं. मी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा रडूनही पाहिलं. महिने जात होते आणि हात तसाच होता.

संक्रांतीला हमीदाबाई तिळाचा लाडू खायला आल्या आणि सवयीने विचारून बसल्या, "मोडकी छत्री हाय का जी भाऊ?"

"छत्री नाई," बाबा म्हणाले. "मी मोडलो हावो. न्या मलेच."

दुसरं कुणी असतं तर हळहळलं असतं. हमीदाबाईंनी चष्मा वर सरकवला आणि गिऱ्हाइकाची छत्री न्याहाळावी तसं बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तारा साबूत हायेत. कपडा ढिला झाला," म्हणाल्या, लाडू खाल्ला आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या अंगणात आल्या तेव्हा त्यांचा पतंग आधीच आभाळात होता. ओसरीवरच्या खाटेपाशी येऊन त्यांनी काही न विचारता दोरा बाबांच्या उजव्या हातात ठेवला. "धरा जी भाऊ जरासा. मले चस्मा पुसाचा हाय." आणि पायरीवर बसून त्या चष्मा पुसत राहिल्या. एवढा वेळ चष्मा पुसताना मी कुणाला पाहिलेलं नाही. वारा मवाळ होता, दोरा बोटांतून हळूहळू निसटत होता, आणि तो जाऊ नये म्हणून बाबांची बोटं मिटली. सावकाश, वाकडीतिकडी, पण मिटली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि या वेळी ते रडणं कशासाठीही वापरायचं नव्हतं.

मग रोज संध्याकाळी तो कार्यक्रम ठरला. आठवडी बाजाराची जागा एरवी मोकळीच असते. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत, शेजारी चक्री घेऊन बाई, आणि कचेरीतून सुटलेली मी पलीकडे जाऊन पतंग हवेत सोडणारी. बाईंनी मांजा न घेता गोधडी शिवायचा जाड दोरा घेतला होता, बोट कापू नये म्हणून. बाबांना बरं वाटू लागलं होतं. तिसऱ्या प्रहरापासूनच ते अंगणातल्या झाडाचा शेंडा हलतो का ते पाहत बसायचे.

होळी झाली आणि वारा फिरला. आमच्याकडे उन्हं तापली की दुपारनंतर जंगलाकडून धुळीचे झोत येतात. अशाच एका झोताने पतंगाला असा हिसका दिला की दोरा बाबांच्या मुठीतून सळसळत गेला. त्यांची बोटं चटकन आवळायची नाहीत, तशी चटकन उघडायचीही नाहीत. जाड असूनही दोऱ्याने बोटाचा सांधा कापला. पतंग कडुलिंबात जाऊन फाटला. दुसऱ्या दिवशी बाबांचा उजवा हात पांघरुणाखाली होता आणि संध्याकाळी ते उठले नाहीत. "झालं तेवढं बस झालं," एवढंच म्हणाले.

मी हमीदाबाईंकडे गेले. ओसरीवर त्या तो फाटका पतंग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "गलती माही हाय," मला म्हणाल्या. "पतंग नरम वाऱ्याचा अन् उडोला गरम वाऱ्यात. वारं तं आता मिरगापर्यंत असंच राहीन. तवापर्यंत तुह्या बापाचा हात थांबन का?" थांबणार नव्हता, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या सकाळी त्या आपला सगळा पसारा घेऊन आमच्या ओसरीवर आल्या. म्हणाल्या, "माह्या घरी ऊन येते." ऊन दोन्ही घरांत सारखंच यायचं. बाबांच्या खाटेच्या अगदी समोर बसून त्यांनी जोरकस वाऱ्याचा पतंग घडवायला घेतला. कागद बाद. त्याऐवजी साठवलेल्या छत्र्यांमधलं काळं कापड उसवून, पतंगाच्या आकारात कापून, चारही कडांनी दोरा घालून दुमडून शिवलं. कामटी नेहमीपेक्षा जाड. आडवी कामटी पाठीमागून दोरीने ताणून धनुष्यासारखी वाकवली, म्हणजे पतंगाचं पोट पुढे येतं आणि वारा दोन्ही बाजूंनी निसटतो. कन्नीचा वरचा दोरा आखूड केला, म्हणजे पतंग वाऱ्यात थोडा आडवा झोपतो आणि कमी ओढतो. हे सगळं त्या मला मोठ्याने सांगत होत्या. मला त्यातलं निम्मंच कळत होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतंच.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. कामटी तासताना सुरीचा आवाज मात्र त्यांना ऐकवेना. लाकडात हयात गेलेला माणूस. शेवटी तोंड वळवून म्हणाले, "त्या कामटीची गाठ मधात येऊन राह्यली वो बाई. तिथंच मोडन ते."

"मंग तुमीच निवडा. मी काय डेपोत होती का?"

बाबा उठून बसले. कामट्या चाळल्या, एक काढली, वाकवून पाहिली. तासायला मात्र दोन हात लागतात. त्यांनी ती मांडीवर ठेवली, उजवा हात डाव्या हाताने उचलून तिच्यावर टाकला, तळव्याने दाबून धरली आणि डाव्या हातात सुरी घेतली. कामटी दोनदा निसटली. हमीदाबाईंनी सुईत दोरा ओवण्यात मान खाली घातली होती.

तो पतंग पहिल्यांदा आम्ही घरामागूनच उडवून पाहिला आणि तिथे फजिती झाली. काळं कापड आणि आभाळात एका जागी स्थिर. गल्लीतल्या झाडून सगळ्या कोंबड्या त्याला घार समजल्या आणि खाटांखाली जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पलीकडच्या वच्छलाबाई कंबर खोचून आल्या. "माही खुडूक कोंबडी अंड्यावरून उठून गेली. अंगनात दाना टाकला तं एक बी बाहेर येऊन नाई राह्यली. हे काय लावलं तुमी?"

"तुमच्या कोंबडीले घार वाटली ना?" हमीदाबाई म्हणाल्या. "म्हंजे पतंग बराबर झाला."

वच्छलाबाईंना हे पटण्यासारखं नव्हतं. हमीदाबाईंनी माझा जुना पिवळा ब्लाउज फाडून पतंगाच्या पोटावर ठिगळ लावलं आणि लाल साडीचं लांबलचक शेपूट जोडलं. कोंबड्यांवर काही परिणाम झाला नाही, त्या पिवळ्या पोटाच्या घारीलाही भ्यायल्या. या सगळ्या गोंधळात मागून आवाज आला म्हणून मी वळले, तर बाबा हसत होते. दिवाळीनंतर पहिल्यांदा. लकव्यामुळे तोंड एका बाजूला जात होतं, आणि ते त्यांनी हाताने झाकलं नाही.

पुढचे प्रयोग आम्ही बाजाराच्या जागेतच केले. पतंग आता फाटत नव्हता, गोते खात नव्हता, पण ओढ अजून जास्त होती. बाबांच्या हातात दोरा द्यायला बाई तयार होईनात. एक दिवस त्यांनी कात्री घेतली आणि एवढ्या निगुतीने शिवलेल्या कापडाला खालच्या बाजूने गोल छिद्रं पाडली.

"फाडून काऊन राह्यल्या?" बाबा कळवळून म्हणाले.

"फाडून नाई राह्यली. वाऱ्याले जागा देऊन राह्यली."

ओढ कमी झाली. तरी झोत आला की हिसका बसायचाच, आणि बाबांच्या हाताला भीती त्या हिसक्याचीच होती. यात बाईंचे बरेच दिवस मोडले. चिडचिड करत होत्या, टॉवरला शिव्या देत होत्या. मग एकदा सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक पट्टी कापून आणली आणि कन्नीच्या खालच्या दोऱ्यात मधोमध बांधली. झोत आला की रबर ताणतं, पतंगाचा खालचा भाग मागे जातो, तो वाऱ्यात आडवा होतो आणि झोत खालून निघून जातो. झोत सरला की रबर आखडतं आणि पतंग पुन्हा उभा. "पाहा जी भाऊ," त्या तळहात पतंगासारखा धरून दाखवत होत्या. "तो आता तुमच्यासंगं भांडन नाई करन. मोठं वारं आलं का मान खाली घालन."

त्या संध्याकाळी धूळ उडत होती. मी पतंग सोडला, बाईंनी तो वर नेऊन स्थिर केला आणि दोरा बाबांच्या उजव्या मुठीत दिला. डावा हात मांडीवर. थोड्या वेळाने बाजारपेठेवरून झोत येताना मला लांबूनच दिसला. पत्रे वाजले, पिशव्या उडाल्या. मी धावत बाबांपाशी आले आणि त्यांचा हात धरायला वाकले, तेवढ्यात हमीदाबाईंनी माझं मनगट पकडलं.

"धरू नोको. ते तुले नाई वढून राह्यलं."

पतंग वर आडवा झाला, थरथरला. दोरा वीतभर निसटला आणि थांबला. झोत गेला, पतंग पुन्हा उभा राहिला. बाबा मुठीकडे पाहत होते, पतंगाकडे नाही. बाईंनी माझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर त्यांची बोटं उमटली होती. म्हणजे त्याही घाबरल्या होत्या.

चमत्कार वगैरे झाला नाही. तो हात पहिल्यासारखा कधीच झाला नाही. पण मिरग लागेपर्यंत बाबा रोज संध्याकाळी वाऱ्यात बसले. हळूहळू पेला धरता येऊ लागला, मग चमचा, मग उजव्या हाताने कालवलेला वरणभात. अर्धा तोंडात, अर्धा ताटाबाहेर. एकदा जेवताना हमीदाबाई आत आल्या. मी ताटाकडे पाहिलं. ते जागचं हललं नाही. "बसा बाई," बाबा म्हणाले, "जेवा दोन घास." डॉक्टर पुढच्या खेपेला म्हणाले, चेंडूचा बराच उपयोग झालेला दिसतो. आम्ही हो म्हटलं.

मी बाईंना साडी घेऊन गेले. "छान हाय," त्या म्हणाल्या, "पतंगाची दोन शेपटं निघतीन याची." मग मी सरळच विचारलं, एवढं सगळं आमच्यासाठी का केलं. त्यांनी सुपारी फोडली. "तुमच्यासाठी कायले? माहे मालक गेल्यापासून माह्यासंगं उडवाले कोनी नाई. पोरं येतात, कन्नी बांधून नेतात, पळून जातात. तुह्या बापाचा हात चांगला झाला तं माही सोय झाली." हे खरं होतं की माझं ओझं हलकं करण्यासाठी सांगितलं, ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं. पण त्या दोघांनी पुढे कितीतरी संध्याकाळी बाजाराच्या जागेत काढल्या, भांडत, एकमेकांची कन्नी काढत, आणि मी लांबून पाहत राहायचे. माझ्या वडिलांना त्यांनी मला परत दिलं, यापेक्षा वेगळ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही. आभार मानले की त्या रागवायच्या, म्हणून मी मनातच मानत राहिले. अजूनही मानते.

मागच्या हिवाळ्यात त्यांना छातीचं दुखणं झालं. चंद्रपूरला नेलं, आणि तिथून सलीमने त्यांना घरी आणलं ते शेवटचंच. शेजारच्या ओसरीवर माणसं जमली. बाबांनी पेटीतला पांढरा सदरा काढला आणि गुंड्या स्वतः लावल्या. खूप वेळ लागला. मी मदतीला गेले नाही.

कबरस्तानात बायका जात नाहीत. मी रस्त्यावरच्या मोहाखाली थांबले. सलीम बाबांना म्हणाला, "चाचा, आत ढेकळं हायेत, तुमी इथीच थांबा." बाबांनी ऐकलं नाही. मयत खाली ठेवली की आलेला प्रत्येक जण तीन वेळा मूठमूठ माती देतो, हे मला माहीत होतं. पण माणसांच्या गर्दीत बाबा मला दिसले नाहीत.

लोक परतू लागले. बाबा सगळ्यांच्या मागून, काठी टेकत आले. काठी डाव्या हातात होती. उजवा हात त्यांनी अंगापासून थोडा दूर धरला होता आणि त्याला मनगटापर्यंत तांबडी माती लागली होती. मी पाण्याची बाटली उघडली, त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"तीन डाव देली," ते म्हणाले. "याच हातानं. सांडली नाई."